न बसणारा दरवाजा : हैदराबादच्या जुन्या मोटारी आणि नव्याने घडवलेले सुटे भाग

जुनी मोटार पुन्हा उभी करण्याच्या कामात सर्वांत जास्त दिवस जातात ते सुटे भाग बसवण्यात. भाग मिळत नाही ही पहिली अडचण. मिळालेला नवा भाग आपल्या जागी बसत नाही ही दुसरी, आणि तीच मोठी. दरवाजा वरच्या कोपऱ्यात घासतो आणि खाली बोटभर फट राहते. बॉनेट एका बाजूने सूतभर वर उचललेले दिसते. पितळी मुठीची भोके दरवाजाच्या भोकांशी जुळत नाहीत, आणि काचेभोवतीचे नवे रबर इतके जाड असते की काच बसवताना तडकते. मराठीत आणि हैदराबादच्या दखनीत मिस्त्री याबद्दल एकच क्रियापद वापरतात : भाग ‘बसतो’ किंवा ‘बसत नाही’. या क्रियापदामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. हैदराबादेत तो स्पष्ट दिसतो, कारण निजामाच्या सिंहासन-मोटारीपासून अल्बिअन बसपर्यंत आणि लष्करी जीपपासून अॅम्बेसेडरपर्यंत सर्व तऱ्हांची वाहने या एका शहराने वापरली, दुरुस्त केली आणि जपलीही.

सुट्या भागांचे बाजारात साधारण चार प्रकार मानले जातात. मूळ कारखान्याने त्या काळी बनवलेला आणि न वापरता गोदामात राहिलेला भाग म्हणजे ‘जुना स्टॉक’. दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला भाग वापरलेला असतो, पण अस्सल. तिसरा प्रकार त्याच मोटारीसाठी दुसऱ्याच उत्पादकाने अलीकडे बनवलेली नक्कल. चौथा प्रकार म्हणजे एका गाडीपुरता, एका कारागिराने हाताने घडवलेला भाग. पहिले दोन दरवर्षी कमी होत जातात आणि उरलेल्या दोघांवरच भिस्त ठेवावी लागते. न बसण्याची तक्रार बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकाराबद्दल असते.

या तक्रारीत एक समज गृहीत धरलेला असतो. मूळ भाग मात्र विनातक्रार बसत असे, असा तो समज. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या उंची मोटारींबाबत तो खरा नाही. त्या काळी रोल्स-रॉइससारखी कंपनी चासी, इंजिन, चाके आणि रेडिएटर विकत असे. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घेई. लंडनची बार्कर अँड कंपनी ही अशा कोचबिल्डरांपैकी एक. तिची स्थापना १७१० सालची, म्हणजे मोटार जन्मण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीची. घोडागाड्या बांधण्याची रीतच तिने मोटारींना लावली. अॅश लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकून वळवलेला पत्रा, आणि प्रत्येक दरवाजा त्याच्याच चौकटीत कानस मारून बसवलेला. एका गाडीचा डावा दरवाजा काढून त्याच कोचबिल्डरच्या तशाच दुसऱ्या गाडीला लावला तरी तो बसेल याची खात्री नसे. माप कागदावर थोडेफार असे, नेमके माप त्या एका गाडीच्या अंगावरच असे.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागवलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट याच रीतीची. बार्करने बांधलेली ही पिवळ्या रंगाची मोटार १९१२ची. मागच्या भागात निजामासाठी उंच सिंहासनासारखे आसन असल्यामुळे तिला ‘थ्रोन कार’ म्हणतात. गाडी हैदराबादला पोहोचण्याआधीच, ऑगस्ट १९११मध्ये, महबूब अली खान यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या काळात ती समारंभापुरतीच बाहेर निघाली आणि आयुष्यात काही शे मैलच धावली. ती आज चौमहल्ला पॅलेसमध्ये आहे. इतकी कमी धावलेली गाडी अभ्यासकाला फार मोलाची, कारण तिच्यातल्या मूळ फटी, मूळ जोड आणि मूळ कानशीच्या खुणा झिजून नाहीशा झालेल्या नाहीत. अशा गाडीसाठी नवा भाग करायचा तर नमुना दुसऱ्या कुठल्या मोटारीत शोधून उपयोग नाही. तो तिच्यातच शोधावा लागतो. मागच्या डाव्या बिजागरीसाठी उजवी बिजागरी हाच सर्वांत जवळचा पुरावा, आणि तोही आरशातल्यासारखा उलटा.

याच काळात अमेरिकेत वेगळी कल्पना रुजत होती. १९०८ साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सुट्या केल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, काही भाग दुकानातल्या साठ्यातून बदलले आणि त्या ढिगातून तिन्ही गाड्या पुन्हा जोडल्या. त्या ५०० मैल चालल्या आणि कॅडिलॅकला त्या वर्षीची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. कानस न लावता कोणताही भाग कोणत्याही गाडीत बसला पाहिजे, हे तत्त्व तिथे जगासमोर सिद्ध झाले. आज ‘सुटा भाग’ म्हणताना डोळ्यांपुढे येते ती ही कल्पना. बार्करच्या कारागिराला ती परकी वाटली असती. तेव्हा न बसणाऱ्या भागाकडे पाहताना पहिला प्रश्न गाडी कोणत्या परंपरेतली हा असावा. हाताने बसवलेल्या गाडीत नवा भाग आपोआप बसावा अशी अपेक्षा धरणे म्हणजे ती गाडी मुळात कशी घडली तेच विसरणे.

हैदराबादेत या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. राजवाड्यांच्या आणि अमीर-उमरावांच्या मोटारखान्यांत इंग्रजी आणि अमेरिकी गाड्या उभ्या होत्या. दुसरीकडे जून १९३२मध्ये निजाम स्टेट रेल्वेने रस्तेवाहतूक खाते सुरू केले ते २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी. या बस ग्लासगोच्या अल्बिअन कंपनीच्या होत्या. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानाचाच भाग होता, त्यामुळे तिथल्या लोकांनाही सरकारी बस पहिल्यांदा भेटली ती याच खात्याची. बस-डेपोचे गणित राजवाड्याच्या मोटारखान्यापेक्षा अगदी वेगळे. तिथे गाडी सकाळी बाहेर पडलीच पाहिजे. ग्लासगोहून भाग येण्याची वाट पाहत महिने घालवणे परवडणारे नाही. म्हणून बेअरिंग ओतणे, बुश कातणे, पत्रा ठोकणे, स्प्रिंगची पाने घडवणे अशी कामे डेपोतच होऊ लागली. शहराला हातात कसब असलेले मिस्त्री मिळाले त्यात या डेपोंचा वाटा राजवाड्यांपेक्षा मोठा मानावा लागेल, जरी जुन्या मोटारींच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येते.

दुसऱ्या महायुद्धाने आयात जवळजवळ बंद केली आणि स्थानिक कारखानदारीला जोर आला. १९४२मध्ये हैदराबाद ऑल्विन मेटल वर्क्स उभी राहिली. पुढे फ्रिज आणि घड्याळांसाठी घरोघरी पोहोचलेले हे नाव बसच्या बॉडी बांधण्यातही मोठे होते. १९४३मध्ये सिकंदराबादेत प्रागा टूल्स सुरू झाली. लेथचे चक, ग्राइंडिंगची यंत्रे अशी यंत्रे घडवणारी यंत्रे तिथे तयार होत. जुन्या मोटारीचा भाग घडवणाऱ्या छोट्या वर्कशॉपसाठी ही गोष्ट महत्त्वाची. चांगला चक नसेल तर लेथवर गोल कातलेला बुशही गोल राहत नाही, आणि मग तो कितीही घासला तरी बसत नाही.

युद्धाने आणखी एक वाहन आणले : जीप. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. दोन्ही कारखान्यांचे भाग एकमेकांत बदलता आले पाहिजेत, ही लष्कराची अट होती. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, इंग्रजी ‘एफ’ अक्षर कोरले, तरी तो बोल्ट विलीजमध्ये बसे. युद्धानंतर या गाड्या लिलावात निघाल्या. पुढे महिंद्राने भारतात जीप जोडायला आणि मग बनवायला घेतली, आणि तिचे भाग गावोगाव मिळू लागले. म्हणूनच सिकंदराबादसारख्या छावणीच्या शहरात जुनी जीप उभी करणे तुलनेने सोपे राहिले. याच जीपमुळे एक गैरसमजही पसरला. जीपचा भाग बसतो, तसा प्रत्येक गाडीचा बसेल, अशी अपेक्षा लोक धरू लागले.

सप्टेंबर १९४८मधल्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले. ऑगस्ट १९४९च्या फर्मानाने जहागिऱ्या रद्द झाल्या. जहागीरदारांचे उत्पन्न आटले आणि मोठ्या इंजिनांच्या गाड्या पोसणे अवघड झाले. काही विकल्या गेल्या, काही देवड्यांच्या, म्हणजे उमरावांच्या वाड्यांच्या, आवारात ताडपत्रीखाली थांबल्या. याच वर्षांत देशाचे मोटारधोरणही बदलले. सुटे भाग बाहेरून आणून इथे नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालानंतर इथेच उत्पादन करा किंवा काम आवरा, असा पर्याय राहिला. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी भारतातले काम आवरले. उरले ते प्रामुख्याने उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची महिंद्रा.

ज्या ब्यूइक, शेव्हरोले, फोर्ड रस्त्यावर होत्या त्यांचे भाग आता येणार कुठून? आयात परवान्याशिवाय होईना आणि परवाना मिळणे सोपे नव्हते. मग मिस्त्रींनी तीन वाटा काढल्या. पहिली मोडीच्या बाजाराची : मुंबईत कुर्ला आणि चोरबाजार, कलकत्त्यात मल्लिक बाजार, मद्रासमध्ये पुदुपेट, दिल्लीत काश्मिरी गेट, हैदराबाद-सिकंदराबादेत राणीगंजसारखे यंत्रसामग्रीचे पट्टे. दुसरी वाट दुसऱ्याच वाहनाचा भाग बसवण्याची. इंजिनचे सिलिंडर मोठे करून त्यात लायनर ठोकायचा आणि ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा पिस्टन घालायचा. पेट्रोल महाग झाले की अमेरिकी गाडीतून आठ सिलिंडरचे इंजिन काढून पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवायचे. तिसरी वाट नवा भाग घडवण्याची. या काळातल्या दुरुस्त्यांना आज अनेक शौकीन ‘बिघडवणूक’ म्हणतात. हा शब्द अन्यायाचा आहे. त्या मिस्त्रींनी अशी दुरुस्ती केली नसती तर त्यातल्या कित्येक गाड्या भंगारात कापल्या गेल्या असत्या. मात्र त्या दुरुस्त्यांमुळे आजचे काम अवघड झाले हेही खरे. परदेशातून मागवलेला अगदी अचूक भागसुद्धा अशा गाडीत बसत नाही, कारण तो ज्याला जोडायचा तो शेजारचा भागच आता मूळचा राहिलेला नसतो.

निजामाच्या मोटारखान्याची अवस्था या सगळ्या काळाचे चित्र दाखवते. उस्मान अली खान यांचे २४ फेब्रुवारी १९६७ रोजी निधन झाले आणि त्यांचे नातू मुकर्रम जाह यांना गादी मिळाली. त्यांच्याबद्दलच्या लेखनात नोंदले गेले आहे की वारशाने आलेल्या सुमारे ६० मोटारींच्या पेट्रोलवर आणि सुट्या भागांवर दरवर्षी मोठी रक्कम खर्ची पडत होती, पण प्रत्यक्षात चालू अवस्थेत चारच गाड्या होत्या. राज्यारोहणानंतर त्यांना घेऊन परतणारी गाडीही वाटेत बंद पडली. मुकर्रम जाह यांना स्वतः इंजिनांत हात घालण्याची आवड होती. १९७१मध्ये तनखे बंद झाल्यावर राजवाड्यांच्या गाड्यांचा उरलासुरला आधारही गेला. चौमहल्ला पॅलेसची दुरुस्ती मुकर्रम जाह यांच्या पहिल्या पत्नी राजकुमारी इस्रा यांच्या पुढाकाराने झाली, तिला २०१० साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि तिथे मोटारीही लोकांना पाहता येऊ लागल्या. तोपर्यंत अनेक जुन्या मोटारखान्यांतल्या गाड्या विखुरल्या होत्या.

साधारण १९७०नंतर परदेशात नव्याने घडवलेल्या भागांचा मोठा व्यापार उभा राहिला. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८मध्ये जुने मूळ साचे शोधून काढून एमजीबी गाडीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. असे मूळ साचे फार थोड्या गाड्यांचे मिळतात. बाकी नकला मूळ भागावरून उतरवलेल्या असतात, आणि न बसण्याची कारणे तिथेच असतात.

सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त फसवणारे कारण ओतकामाचे. वितळलेला धातू साच्यात थंड होताना आकसतो. बिडाचे आकसणे साधारण एक टक्का, अॅल्युमिनियमचे सव्वा टक्क्याच्या वर, पितळेचे दीड टक्क्याच्या आसपास. जुनी मूठ वाळूत दाबून तिच्यावरून पितळेची नवी मूठ ओतली तर २०० मिलिमीटरची मूठ सुमारे ३ मिलिमीटरने आखूड येते. दोन भोकांमधले अंतर चुकते आणि मग दरवाजावर नवी भोके पाडण्याची वेळ येते. जाणता नमुनेकार आकसण्याइतक्या वाढीव अंतरावर खुणा असलेली वेगळी पट्टी वापरून मोठा लाकडी नमुना करतो, किंवा जुन्या भागाच्या टोकांना भर घालून मगच साचा करतो. याच्या उलट चूक जस्ताच्या भागांत होते. १९३०च्या दशकात बोधचिन्हे, मुठी, कार्ब्युरेटर यांसाठी जस्ताचे मिश्रधातू दाबून ओतले जात. त्यात शिशासारखी भेसळ असली तर वर्षानुवर्षे दमट हवेत तो धातू आतून फुगतो आणि भेगाळतो. असा फुगलेला भाग नमुना म्हणून घेतला तर नक्कल मूळ मापापेक्षा मोठी निघते.

पत्र्याच्या भागांचे दुखणे वेगळे. नकलेसाठी घेतलेले मूळ मडगार्ड अपघातातून वाचलेले, एकदा ठोकलेले असू शकते. त्याची वाकडीतिकडी रेघ साच्यात उतरते आणि त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक मडगार्डात पोहोचते. नवा पत्रा बहुधा जुन्यापेक्षा पातळ असतो, त्यामुळे वाकवलेली कड परत थोडी उघडते आणि गोलाई सैल पडते. झिलईनेही मापे बदलतात. क्रोमखाली तांबे आणि निकेलचे थर चढतात, आटे भरतात आणि भोके आवळतात. इथे एक ऐतिहासिक चूकही वरचेवर होते. क्रोमची झिलई मोटारींवर सर्रास आली ती १९२०च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधीच्या गाडीला निकेलच हवे, आणि चकचकीत निळसर क्रोम तिच्यावर लगेच उपरे दिसते.

आट्यांचा घोळ तर स्वतंत्र प्रकरण व्हावे इतका मोठा. १८४१मध्ये मांडलेल्या इंग्रजी व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकी आट्याचा ६०. पाव इंची मापात दोन्हींत इंचाला वीसच आटे असल्याने नट सुरुवातीला चढतो आणि मग आवळला की आटे खातो. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आणि अमेरिकी १३, त्यामुळे तिथे चूक निदान लवकर कळते. मॉरिसच्या अनेक जुन्या इंजिनांत तर मेट्रिक आटे आणि त्यावर व्हिटवर्थ मापाची डोकी अशी जोडी होती, कारण त्यांचा कारखाना मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. लंडन, डेट्रॉइट आणि ट्युरिन या तिन्ही ठिकाणच्या गाड्या एकाच गल्लीत दुरुस्त होणाऱ्या शहरात नट-बोल्टच्या डब्यांची सरमिसळ अटळ होती. आज एखाद्या इंजिनात बोल्ट घट्ट बसत नसेल तर दोष बहुधा तीस वर्षांपूर्वी जोर लावून चढवलेल्या परक्या बोल्टाचा असतो.

भारतीय परवाना-उत्पादनाची कहाणी या संदर्भात वेगळी आणि रोचक आहे. १९५७-५८मध्ये मॉरिस ऑक्सफर्डवरून अॅम्बेसेडर आली आणि २०१४पर्यंत बनत राहिली. फियाट ११००ची कुळी प्रीमियर पद्मिनी होऊन शतक संपेपर्यंत चालली. मूळ देशांत या गाड्या केव्हाच बंद झाल्या, पण त्यांचे भाग उत्तरपाडा आणि कुर्ला इथून निघतच राहिले. म्हणून इंग्लंडमधले मॉरिस ऑक्सफर्डचे शौकीन भारतातून भाग मागवू लागले. आता तक्रार उलट दिशेने आली : भारतातला भाग त्यांच्या गाडीत बसेना. यात हलगर्जी होती तशी साच्यांची झीजही होती. लाखो ठोके खाल्लेला साचा कडेला गोलावतो, आणि त्यातून निघालेला पत्रा कारखान्यातच हाताने जुळवून बसवला जातो. अशी गाडी रस्त्यावर नीट चालते. पण तिचा पत्रा सुटा करून दुसऱ्या देशातल्या जुन्या गाडीला लावायचा म्हटले की कारखान्यात हाताने केलेली ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. हैदराबादच्या मिस्त्रीला यात नवल वाटत नाही, कारण त्याने अॅम्बेसेडरची बाजारातून आणलेली बॉनेटे आयुष्यभर ठोकून बसवली आहेत.

बसवण्याच्या कामाला एक क्रम आहे आणि तो मोडला की नुकसान होते. नवा भाग आला की लगेच त्यावर कानस चालवायची नाही. आधी गाडी सरळ आहे का ते पाहायचे. चासीचे कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे भरले पाहिजेत. लाकडी सांगाड्याची गाडी असेल तर सांधे तपासायचे. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात अॅशचे लाकूड वाळून आकसते, सांधे ढिले होतात आणि दरवाजाचा खांब झुकतो. अशा गाडीत दरवाजा निर्दोष असतो, चौकट चुकलेली असते. इथे नव्या लाकडासाठी सागवान वापरतात. ते टिकाऊ असले तरी तेलकट असल्याने सरस नीट धरत नाही, म्हणून सांध्यांना स्क्रूचा आधार द्यावा लागतो.

सांगाडा सरळ झाल्यावर बॉडी आणि चासी यांच्यामधली पॅकिंगे कमी-जास्त करतात. एका कोपऱ्यात दोन मिलिमीटरची पट्टी सरकवली की वरचा दरवाजा त्याहून कितीतरी जास्त हलतो, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग दरवाजे मागून पुढे लावत यायचे, कारण मागचा खांब हलत नाही आणि चूक पुढे ढकलत नेली की बॉनेटपाशी तिला वाव मिळतो. काचा, रबरे, कुलपे, मुठी हे सर्व रंगाआधी एकदा घालून पाहायचे. नवे रबर असताना दरवाजा बंद होत नसेल तर दरवाजा कापायचा नाही. आधी रबराचा घट्टपणा पाहायचा, कारण नकलेचे रबर बहुधा मूळच्या स्पंजी रबरापेक्षा कडक असते. सर्व बसले की पुन्हा सगळे उतरवायचे आणि रंगाच्या थरांची जाडी धरून फटीत थोडी जास्त जागा ठेवायची. याला महिने लागतात. गिऱ्हाइकाला त्या महिन्यांत काही घडताना दिसत नाही, म्हणून घाईने आधी रंग देणारी वर्कशॉपेही आहेत. त्यांच्या गाड्यांच्या दरवाजांच्या कडांचा रंग वर्षाच्या आत उडतो.

जिथे भागच बदलावा लागतो तिथे कमीत कमी कापणे हा नियम. भोक जुळत नसेल तर ते लांबट करून वॉशरने झाकता येते. मडगार्डची कड कमी पडत असेल तर पाचर कापून तिथे पट्टी वेल्ड करतात, आणि पत्रा तापवून गार करत आकसवतात. शेवटचा बारीक खड्डा भरायला पूर्वी शिसे-कथलाचे मिश्रण वितळवून थापत, आता पुट्टी वापरतात. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जाड थर उन्हात तडकतो आणि हैदराबादच्या मे महिन्यात तर लवकरच. बेअरिंगच्या बाबतीत जुनी पद्धत अजून टिकून आहे : व्हाइट मेटल ओतायचे, शाफ्टला शेंदूर किंवा निळा रंग चोपडायचा, फिरवायचे आणि जिथे रंग लागेल तिथे खरवडायचे. रंग सर्वत्र सारखा उमटेपर्यंत हेच चालू राहते.

किती बदलावे याबद्दलचे मतही गेल्या दशकांत बदलले. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ १९६६मध्ये स्थापन झाला. त्याने जुन्या इमारतींच्या जतनाची तत्त्वे मोटारींना लावून ट्युरिन चार्टर तयार केला आणि तो २०१३मध्ये अधिकृतपणे स्वीकारला गेला. गाडी नवी दिसावी यापेक्षा तिच्यावरच्या इतिहासाच्या खुणा टिकाव्यात, यावर त्याचा भर आहे. भारतात जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आली, ‘व्हीए’ अक्षरे असलेल्या क्रमांकासह. त्यासाठी गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. ही अट वाचायला सोपी, लावायला कठीण. १९५५ साली ट्रकचा पिस्टन घातलेली, १९७४ साली डिझेल इंजिन बसवलेली आणि आता परदेशी नकली मडगार्ड लावलेली ब्यूइक मूळ रूपात आहे असे कोणत्या टप्प्यापर्यंत म्हणायचे, याचे उत्तर नियमात नाही. प्रत्येक गाडीसाठी ते वेगळे द्यावे लागते.

गेल्या काही वर्षांत थ्रीडी स्कॅनिंग आणि छपाईने ओतकामाचा जुना घोटाळा बराच सोपा केला. जुनी मूठ स्कॅन करायची, संगणकावर तिला दीड टक्का मोठी करायची, प्लास्टिकचा नमुना छापायचा आणि त्यावरून साचा करायचा. औषधे, संगणक आणि विमानांचे भाग बनवणाऱ्या हैदराबादेत अशी यंत्रे आता दुर्मीळ नाहीत. तरीही यंत्र जे समोर आहे तेच मोजते. मूठ झिजली असेल तर झीजही मोजून छापते, जस्त फुगले असेल तर फुगवटाही छापते. मूळ कड कुठे होती हे ठरवण्यासाठी झिजेच्या खुणा वाचणारा माणूस लागतोच.

म्हणून ट्युरिन चार्टरमधली एक शिफारस या कामात फार उपयोगाची आहे. बदललेल्या भागावर सहज न दिसणारी पण टिकाऊ खूण करावी, म्हणजे पुढे कुणालाही तो मूळचा वाटणार नाही. त्याच्या जोडीने चांगली वर्कशॉपे आणखी एक काळजी घेतात. काढलेला जुना भाग कितीही गंजलेला, मोडलेला असला तरी तेलाच्या फडक्यात गुंडाळून, गाडीचे नाव आणि जागा लिहून ठेवून देतात. पन्नास वर्षांनी नवा भागही झिजेल, आणि तेव्हा पुढच्या मिस्त्रीला माप घ्यावे लागेल ते त्या जुन्या तुकड्यावरूनच.